पार्टिकल बोर्डचं बुकशेल्फ: कोणते स्क्रू टिकले? अनुभव लिहा

मोरपंखी
भाचीचं नवं बुकशेल्फ जोडायला घेतलंय. खोक्यातले स्क्रू हातात आले आणि बाबा आठवले. स्क्रू घेताना ते अंगठ्याच्या नखाने आटे चाचपून बघायचे. "दांडी बारीक, आटे रुंद आणि विरळ. भुशाच्या फळीला असलाच स्क्रू धरतो." साध्या लाकडी स्क्रूची दांडी वर जाड होत जाते. ती पाचरीसारखी घुसते आणि फळीची कड उकलते. चिपबोर्ड स्क्रूची, म्हणजे भुशाच्या फळीसाठीच्या स्क्रूची, दांडी वरपासून खालपर्यंत सारखी असते, म्हणून ते तोच मागायचे. त्यांनी जोडलेलं शेल्फ जाडजूड शब्दकोश अंगावर घेऊन अजून उभं आहे. तुम्ही काय वापरलंत? मापांसकट लिहा, खूप जणांना उपयोग होईल.

लंबक
18 मिमी फळी असेल तर कन्फर्मॅट, म्हणजे फळ्या जोडायचा जाड स्क्रू. 7×50, म्हणजे 7 मिमी जाड, 50 लांब. आटे जातात त्या फळीच्या कडेत 5 मिमीचं भोक, बाहेरच्या फळीत 7 चं. पायरीचा ड्रिल बिट मिळतो, दोन्ही मापं एका दमात पडतात. कडेच्या बरोबर मधोमध धरा, म्हणजे 9 मिमीवर. बिट जरा तिरका गेला तरी लॅमिनेट फुगतं.

रानजाई
स्क्रूतलं मला काही कळत नाही, पण बाबांचं वाचून भरून आलं गं. बरं, तुम्ही सगळे पुस्तकं लेखकानुसार लावता की उंचीनुसार? आमच्याकडे यावरून रोज वाद.

धुळाक्षर
रानजाई, विषयानुसार!! आणि जड ती खाली. मीटरभर फळी गच्च भरली की 25-30 किलो सहज होतात. फळीची लांबी दुप्पट केली आणि पुस्तकं तशीच गच्च लावली तर मधला झोळ 16 पट होतो, तिथे स्क्रू काही करू शकत नाही. लांब फळीला मधे उभा आधार द्याच.

रानजाई
16 पट?? नवऱ्याला दाखवते.

सांजवारा
एक कळकळीची विनंती. घरात पडलेले ते काळे ड्रायवॉलचे (जिप्सम बोर्डाचे) स्क्रू वापरू नका. ठिसूळ असतात, आडवा धक्का बसला की डोकं तुटतं. शेजारच्या काकूंचं घर हलवताना रॅक जरा वाकडा उचलला गेला आणि डोकी एकामागोमाग उडाली. पुस्तकं सगळ्या जिन्यावर. त्या माउलीचा चेहरा बघवत नव्हता.

मोरपंखी
अरेरे. पुस्तकं बरी आहेत ना?

सांजवारा
हो, दोनचार बांधण्या सुटल्या, चिकटवून दिल्या.

गुण्या
कडेला पकड कमी का, ते सांगतो. पार्टिकल बोर्डच्या दोन्ही पृष्ठांना बारीक भुसा घट्ट दाबलेला असतो, मधे भरड तुकडे सैलसर. कडेतून जाणारा स्क्रू नेमका त्या सैल गाभ्यात शिरतो. म्हणून तिथे लांबी हवी. 18 ची फळी ओलांडून 50 चा स्क्रू कडेत 32 मिमी जातो, 35 चा घेतला तर फक्त 17. तो पुस्तकांना पुरत नाही. शिवाय फळीच्या टोकाला अगदी लागून स्क्रू नको, 5 सेंमी तरी आत या.

चिमणबाग
मदत हवीये पटकन. एका भोकातले आटे गेलेत, स्क्रू गोल गोल फिरतोय. काडेपेटीच्या काड्या घालून चालेल?

गुण्या
काड्या हलक्या बिजागरीपुरत्या. पुस्तकांसाठी भोक 8 मिमीचं करा, 8 चा लाकडी डोवेल (गोल खुंटी) फेविकॉल लावून ठोका, रात्रभर वाळू द्या. मग त्यात 3 मिमीचं भोक पाडून 4 चा स्क्रू. आधीपेक्षा घट्ट बसेल.

चिमणबाग
दादा, खूप आभार. बाळ उठलं, रात्री करते.

पाऊलवाट
चिमणबाग, बाळ आहे म्हणून सांगते, शेल्फ भिंतीला पट्टीने बांधून टाक. मुलं फळ्यांवर पाय देऊन चढतात, कितीही चांगले स्क्रू असले तरी अख्खं शेल्फ अंगावर येऊ शकतं. हे आजच कर गं.

चिमणबाग
करते ताई, नक्की.

कोरा कागद
आटे जाऊच नयेत म्हणून: ड्रिलचा क्लच (पिळायचा जोर ठरवणारी कडी) कमीत कमीवर, शेवटचे वळसे हाताने. डोकं फळीला टेकलं की थांबायचं. आणि अधिक चिन्हाच्या फुलीत मधे बारीक रेघा दिसल्या तर तो पोझीड्राइव्ह, त्याला पीझेड 2 बिट लागतो. साधा फिलिप्स निसटतो आणि खाच खराब करतो. इतकी छोटी गोष्ट, पण कोणी सांगत नाही.

धुळाक्षर
मागचा पातळ हार्डबोर्डही विसरू नका. शेल्फ डोलतं ते त्याच्याविना. आधी दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की मगच ठोका.

पाऊलवाट
आमची दर थोड्या वर्षांनी बदली. त्यामुळे मिनीफिक्सच बरे वाटतात, म्हणजे फिरवून घट्ट होणारे गोल खटके; अर्धा वळसा दिला की फळ्या सुट्या. स्क्रू तेवढे वेळा काढघाल केले की पकड जातेच.

लंबक
मान्य. पण मिनीफिक्ससोबत डोवेल हवेतच, वजन ते घेतात.

रानजाई
नवरा म्हणतोय 16 पट बरोबर आहे. उंचीनुसार लावायचं मात्र सोडत नाहीये.

मोरपंखी
लंबक, भाचीच्या फळ्या मोजल्या, 16 मिमीच्या निघाल्या. 7 चा कन्फर्मॅट घालू का?

लंबक
जातो, पण दोन्हीकडे जेमतेम साडेचार मिमी उरतं. 8 चे डोवेल गोंद लावून घाल आणि मधे 4×50 चे चिपबोर्ड स्क्रू, आधी 3 चं भोक पाडून. पिळताना कडेला दोन्ही बाजूंनी क्लॅम्प लाव. क्लॅम्प नसेल तर आज राहू दे, उद्या कोणाचा तरी आणून कर.