गुडघेदुखीच्या दोन ट्यूब एकत्र लावाव्यात का?

पायवाट:
आईच्या (वय ६८) गुडघ्यांची झीज झाली आहे. एका ट्यूबवर डायक्लोफिनॅक डायइथाइलअमाइन १.१६%, मिथाइल सॅलिसिलेट १०%, मेन्थॉल ५%, जवसाचं तेल ३% असं छापलंय. दुसरी आयुर्वेदिक: गंधपुरा तेल, पुदिना, निलगिरी. दोन्ही एकावर एक चालतील? तिला वॉरफरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) चालू आहे.

खलबत्ता:
अजिबात नको. गंधपुरा तेल म्हणजे जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेटच, म्हणजे एकच औषध दोनदा. ते ॲस्पिरिनच्या कुळातलं, कातडीतून रक्तात उतरतं आणि वॉरफरिनचा परिणाम वाढवतं. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) चढून रक्तस्राव होऊ शकतो. ‘आयुर्वेदिक’ शब्दाने रसायन बदलत नाही. आईंसाठी या दोन्ही ट्यूब बाजूला ठेवा.

पायवाट:
मग नुसत्या डायक्लोफिनॅकचं जेल? १% आणि १.१६% अशी दोन दिसतात.

खलबत्ता:
ताकद एकच. क्षार वेगळा असल्याने आकडा बदलतो: १.१६% डायक्लोफिनॅक डायइथाइलअमाइन म्हणजे १% डायक्लोफिनॅक सोडियम. गोळीच्या मानाने रक्तात फार थोडं जातं, सुमारे ६%. तरी वॉरफरिन असताना आधी डॉक्टरांना विचाराच, आणि सोबत वेदनाशामक गोळी नको.

सांधेजोड:
डॉक्टर हो म्हणाले तर मात्रेकडे लक्ष द्या. बहुतेकांचं इथेच चुकतं: वाटाण्याएवढं लावायचं आणि ‘गुण येत नाही’ म्हणायचं. अमेरिकेत हे १% जेल २०२० पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. तिथल्या लेबलवर एका गुडघ्याला ४ ग्रॅम, दिवसातून ४ वेळा असं आहे. म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसही पुरत नाही. गुण यायला सात दिवस लागू शकतात. हा हिशेब फक्त नुसत्या डायक्लोफिनॅकचा. मिश्र ट्यूब एवढी लावली तर सॅलिसिलेटही तेवढंच जाईल.

मेन्थॉलने सूज उतरत नाही, थंडाव्याची जाणीव चाळवून दुखणं तात्पुरतं झाकलं जातं. कॅप्सेसिन (०.०२५%) म्हणजे मिरचीतला तिखटपणा. ते दिवसातून ३-४ वेळा, नेमाने २-४ आठवडे लावलं तरच कळतं, आणि पहिले काही दिवस आग होते. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून हात आधी खोबरेल तेलाने पुसून मग साबणाने धुवा.

यांपैकी काहीही लावल्यावर गरम पाण्याची पिशवी किंवा घट्ट क्रेप बँडेज नको. शोषण वाढतं, कातडी भाजून फोड येतात.

खलबत्ता:
घरात लहान मूल असेल तर गंधपुरा तेलाची बाटली कुलपात ठेवा. ५ मिली तेलात सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतकं सॅलिसिलेट असतं. चमचाभर पोटात गेलं तरी जिवावर बेतू शकतं.