विलायत, लंडन, यूके की ऑनसाइट?

पाटीपेन्सिल : दादा मागच्या महिन्यात लीड्सला गेला. आजी सगळ्यांना सांगते "विलायतेला गेलाय", आई म्हणते "लंडनला" (लीड्स कुठे आणि लंडन कुठे, पण आईला कोण सांगणार), दादा स्वतः "यूके" आणि त्याच्या ऑफिसातले "ऑनसाइट" (म्हणजे परदेशातल्या क्लायंटच्या जागी जाऊन काम). माणूस एकच, विमान एकच आणि शब्द चार. यातला विलायत आला कुठून?

फडताळ : मूळ अरबी. विलायत म्हणजे अंमल, सुभा. तुर्कांच्या राज्यात प्रांताला हाच शब्द होता. फारसीतून आपल्याकडे आला तेव्हा इराण-अफगाणकडच्या मुलखालाही विलायत म्हणायचे, इंग्रज आले आणि ती साहेबाच्या देशाला चिकटली. गंमत म्हणजे गोऱ्या सोल्जरांनी 'विलायती'चं 'ब्लायटी' करून घरी नेलं, पहिल्या महायुद्धात खंदकातल्या टॉमीसाठी ब्लायटी म्हणजे मायदेश, आणि जी जखम झाल्यावर घरी धाडतात तीसुद्धा ब्लायटीच!

कोनाडा : मला तर वाटतं शब्द बदलला कारण जायचं कारण बदललं. आधी लोक जायचे ते दाद मागायला. राघोबादादांचा वकील हणमंतराव 1781 मध्ये तिथे होता, पुढे रंगो बापूजी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचं गाऱ्हाणं घेऊन गेले ते जवळजवळ चौदा वर्षं तिथेच खेटे घालत राहिले, हाती काही लागलं नाही. (हा 'वकील' कोर्टातला नव्हे, दरबारातला.) मग आली परीक्षा. आयसीएसची, म्हणजे इंग्रजी अमलातल्या बड्या सरकारी नोकरीची परीक्षा 1922 पर्यंत फक्त लंडनला व्हायची, त्यामुळे विलायतेला जाणं म्हणजे एकतर ती नाहीतर बॅरिस्टरी, आणि परत आलं की प्रायश्चित्ताचा घोळ. र. पुं. परांजपे 1899 ला केंब्रिजात सीनियर रँग्लर (गणिताच्या परीक्षेत पहिले) झाले तर रँग्लर हा शब्द त्यांच्या नावालाच जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर डॉक्टर मंडळी एफआरसीएसला (सर्जनची तिथली पदवी) जायची, ती मात्र "इंग्लंडला". आमच्या गल्लीतल्या दवाखान्याच्या पाटीवर कंसात 'एडिन' (म्हणजे एडिनबरा) होतं, लहानपणी मला ते डॉक्टरांचं आडनाव वाटायचं.

खडूस : थांबा थांबा, ऑनसाइट हे देशाचं नाव कसं? टेक्सासला गेला तरी ऑनसाइटच. आणि विलायत मेली म्हणू नका, विलायती चिंच आहे की अजून, ती बिचारी आली मेक्सिकोकडून पण आपल्याला काय, बाहेरचं ते सगळं विलायती.

कोनाडा : अहो तेच तर म्हणतोय, आता देश कुठला याला महत्त्वच नाही, प्रोजेक्ट कुठे ते महत्त्वाचं.

पाटीपेन्सिल : आजीला हे सगळं वाचून दाखवलं. ब्लायटीला ती हसली, बाकी तिला एवढंच विचारायचंय की त्या ऑनसाइटला थंडी किती असते, स्वेटर अर्धा विणून झालाय.