सोलापुरातून वेशभूषेच्या कामात कसं शिरायचं?

काजबटण
मी सोलापूरची, बी.कॉम. झालंय. वडिलांचा शाळेचे गणवेश शिवायचा छोटा कारखाना आहे, बारा मशिनी. कटिंग, ओव्हरलॉक, काजं सगळं येतं. मला सिनेमा-मालिकांची वेशभूषा करायची आहे. फॅशन डिझाइनच्या कोर्सची फी ऐकून बाबा नुसते गप्प बसले. डिग्रीशिवाय कोणी उभं करतं का? की चड्ड्या शिवणाऱ्याची पोर म्हणून हसतील?

गड्ड्यावरचा
हसतील कशाला? सिनेमांची वेशभूषा करणाऱ्या भानू अथैया आपल्या कोल्हापूरच्याच की. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत चित्रकला, मग मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं, तिथून सिनेमा. 'गांधी'साठी १९८३ साली जॉन मोलोबरोबर ऑस्कर, भारतातून पहिलाच. २०१२ मध्ये ती बाहुली नीट राहावी म्हणून त्यांनी अकादमीलाच परत दिली.

कपडेपट
त्या जे.जे.तल्या होत्या हे विसरू नका. चित्र काढता येत नसेल तर आजपासून वही घे.

मी साखर पेठेत वाढले, नऊ वर्षं मुंबईत आहे. आधी मालिका, आता सिनेमा. असिस्टंट म्हणून शिरायचं, आणि असिस्टंट म्हणजे निम्मी हमाली. पटकथा सीन-सीन फोडून कोणाच्या अंगावर कधी काय, ते लिहायचं. शूटिंग क्रमाने होत नाही. बाई दाराबाहेर उभी सोमवारी, आत पाऊल टाकते पुढच्या गुरुवारी. मधे पदराची पिन सरकली की बोलणी तुला, म्हणून प्रत्येक सीनचे फोटो. पाऊस, रक्त, चिखल असेल तर त्याच कपड्याचे तीन-चार जोड. ड्रेसदादांशी (सेटवर कपडे सांभाळणाऱ्यांशी) नीट वाग, अडल्या वेळी तेच तारतात.

आता चड्ड्यांचं. माझ्या पहिल्या सिनेमात खेड्यातल्या शाळेची तीस पोरं होती. कोरे करकरीत गणवेश घातले, तर दिग्दर्शक म्हणाले, ही पोरं जाहिरातीतली वाटतात. शर्ट रात्रभर चहाच्या पाण्यात बुडवले, कॉलरी पॉलिश पेपरने घासल्या. तरी काहीतरी खटकत होतं. मग आठवलं, आपल्याकडे चड्डीला खाली माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडतात, पोरगं वाढलं की उसवतात, आणि आत दडलेला पट्टा वरच्या विटलेल्या कापडाखाली गडद दिसतो. दुमड तशीच ठेवून ब्रशने ब्लीचचं पाणी मारलं, वाळल्यावर उसवलं. एका शॉटमध्ये कळलं की हे पोरगं दोन वर्षं एकाच चड्डीत आहे. कोर्सवाल्यांपैकी कोणाला हे सुचलं नव्हतं. (सुती होत्या म्हणून जमलं. टेरिकॉट ब्लीचला दाद देत नाही.)

पैशांचं थोडक्यात: मालिकेत मला तीन-तीन महिन्यांनी मिळायचे. एका निर्मात्याने दोन महिन्यांचे बुडवले ते बुडवलेच. तेव्हापासून मेलवर रक्कम आल्याशिवाय मी सुई उचलत नाही.

काजबटण
ताई, आमच्याकडे रिजेक्ट चड्ड्यांचं पोतं पडलंय. सगळ्या टेरिकॉट!

कपडेपट
मग त्या सोड, बाबांकडून सुती कापड माग. दहा चड्ड्या शिव, विटव, उसव. आधीचे-नंतरचे फोटो काढ, हाच तुझा पोर्टफोलिओ. इथे फोनवर बोलून कोणी काम देत नाही, समोर यावं लागतं. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघालीस की सकाळी मुंबईत. चार दिवस माझ्याकडे राहा, पण बाबांना सांगून ये.