कडेपासून आत शिवलेली गोधडी
गोधडी शिवताना मधून सुरुवात करून कडेला यायचं, नाहीतर थर गोळा होतात, असं सांगतात, ते मशीनवाल्यांना पटेल, पण हाताने शिवताना सगळीकडे तसंच करतात असं नाहीये. मागे पोरांना घेऊन कर्नाटकात दांडेलीला गेलेलो तेव्हा हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, बघितली, ती बरोब्बर उलटी, कडेपासून सुरू करून फिरत फिरत आत मध्यापर्यंत, जुन्या कपड्याचा एकेक तुकडा कडा दुमडून ठेवायचा आणि धावदोरा घालत पुढे सरकायचं. आधी छापून-कापून डिझाइन वगैरे काही नाही, खाली एक जुनी साडी पुरते. कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात, ती नसतील तर कवंदी अपुरीच धरतात म्हणे. सासूबाईंनी आधी कवंदी उलटून मागचे टाके बघितले, मगच कौतुक केलं.