लिंगायत पद्धतीच्या समाधीविधीत माजी सैनिकाला मानवंदना : तिरंग्याचे काय करावे?

गडहिंग्लजकर :
माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. १९७१ च्या युद्धात जमालपूरच्या लढाईत ते जंगी पलटणीबरोबर, म्हणजे रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनबरोबर होते. गेल्या महिन्यात त्यांच्या एका जुन्या सोबत्याच्या अंत्यविधीत पार्थिवावर तिरंगा उलटा, म्हणजे केशरी पट्टा पायांकडे येईल असा पांघरला गेला आणि खड्ड्यापाशी तो काढायचे कोणाच्याच ध्यानात न राहिल्यामुळे ऐन वेळी ओढाताण झाली. वडील त्या रात्री जेवले नाहीत. “माझ्या वेळी असे होता कामा नये, आताच विचारून ठेव,” असे त्यांनी मला बजावले आहे. आमच्याकडे देह बसवून विमानातून, म्हणजे सजवलेल्या पालखीसारख्या मखरातून, रुद्रभूमीत (लिंगायत दफनभूमीत) नेतात आणि तसाच समाधीत ठेवतात. अशा विधीत मानवंदनेचा क्रम कसा असावा, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

निवृत्त सुभेदार, सातारा :
ध्वजसंहितेनुसार तिरंगा तिरडीवर किंवा शवपेटीवर पांघरताना केशरी पट्टा डोक्याकडे असतो आणि तो ध्वज थडग्यात उतरवला जात नाही की चितेवर जाळला जात नाही. पट्टे देहावर आडवे येत असल्यामुळे ध्वजाची रुंदी देहाच्या लांबीला पुरावी लागते. १८०० × १२०० मिलिमीटरचा ध्वज छातीपासून गुडघ्यापर्यंतच पोचतो, म्हणून २७०० × १८०० चा घ्यावा. माझ्या मते देह घराच्या अंगणात आडवा असतानाच पुष्पचक्र, ‘शोक शस्त्र’ (शस्त्रे उलटी धरून दिलेली मानवंदना) आणि बिगुलावरची ‘लास्ट पोस्ट’ ही अखेरच्या निरोपाची धून उरकून घ्यावी, ध्वज काढून घडी करून कुटुंबीयांकडे द्यावा आणि त्यानंतर जंगमांनी (लिंगायत पुरोहितांनी) आपला विधी सुरू करावा.

कायद्याचा विद्यार्थी :
त्याआधीचा एक मुद्दा राहून जातो आहे. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या कायद्यानुसार ध्वज आच्छादन म्हणून वापरणे हा अवमान ठरतो आणि त्यातून सूट आहे ती फक्त शासकीय, सैन्यदलांच्या व निमलष्करी दलांच्या अंत्यविधींना; शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी आहे. सेवेत असताना वीरमरण आलेल्या जवानासाठी सैन्य स्वतः जी व्यवस्था करते, ती वार्धक्याने निधन पावलेल्या प्रत्येक माजी सैनिकासाठी आपोआप होत नाही. त्यामुळे केवळ घरच्यांच्या इच्छेने तिरंगा पांघरू नये. कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सेवापुस्तिका घेऊन आजच जावे आणि निधनाची बातमी कोणाला कळवायची, पथक किंवा पुष्पचक्र येऊ शकेल का, हे विचारून दूरध्वनी क्रमांक घरात लिहून ठेवावेत.

सोलापूरचा वाचक :
सुभेदार साहेबांविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो की, त्यांचा क्रम आमच्या विधीत बसणे अवघड आहे. काही तासांत देह ताठरतो, म्हणून आमच्याकडे निधनानंतर लगेचच मांडी घालून बसवतात. पथकाची वाट पाहत देह आडवा ठेवला तर पुढे बसवताच येत नाही. बसलेल्या देहाच्या खांद्यांवर ध्वज शालीसारखा टाकणे तर मुळीच योग्य नाही. माझ्या काकांच्या वेळी, सैन्याकडून आलेल्या मंडळींशी बोलून, तिरंगा पांघरलाच नाही. पांढरा पट्टा वर राहील आणि अशोकचक्र दिसेल अशी घडी करून एका जवानाने तो दोन्ही तळव्यांवर धरला आणि तो विमानापुढे चालला. मागे काकांचा नातू उशीवर पदके घेऊन होता. रुद्रभूमीच्या फाटकापाशी माजी सैनिकांनी सलामी दिली, “बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय” ही पलटणीची गर्जना झाली आणि ध्वज तिथेच काकूंच्या हाती देण्यात आला. आत फक्त विभूती, बेलपाने आणि हातावरचे इष्टलिंग, म्हणजे लिंगायत अंगावर धारण करतात ते छोटे लिंग. मोबाइलवर ‘लास्ट पोस्ट’ वाजवण्याची सूचना एकाने केली होती, ती आम्ही नाकारली. त्यापेक्षा दोन मिनिटांची शांतता बरी.

निवृत्त सुभेदार, सातारा :
देह ताठरण्याची बाब माझ्या लक्षात आली नव्हती. तुमचाच क्रम योग्य आहे.

गडहिंग्लजकर :
सर्वांचा आभारी आहे. वडिलांना सगळे वाचून दाखवले. फाटकापाशी सलामी आणि आत फक्त जंगम, हे त्यांना पटले. कार्यालयात सोमवारी आम्ही दोघे जात आहोत. मात्र पदकांची डबी उघडून ‘पूर्वी स्टार’ या १९७१ च्या पूर्व आघाडीवरील पदकाची फीत विटली आहे, ती आधी बदलून आण, असा त्यांचा हुकूम आहे.