गॅस गिझर भक्कन पेटतो, ज्योत पिवळी, ४-५ मिनिटात बंद. पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेलाय का?

घोडबंदरकर:
नमस्कार मंडळी, पाइप गॅसवर ६ लिटरचा गिझर आहे, ड्राय बाल्कनीत लावलाय, तीन वर्षं काही कटकट नव्हती. आता महिना झाला, नळ सोडला की नुसती टिकटिक करत राहतो मग एकदम भक्कन पेटतो, ज्योत पिवळी दिसते, बॉडी वरून काळी पडलीये आणि ४-५ मिनिटात आपोआप बंद. दोन्ही मोठे सेल नवीन टाकले, पाण्याची जाळी धुतली, प्रेशर मस्त आहे. मेकॅनिक म्हणतो पीसीबी गेलाय, नाहीतर नवीनच घ्या. हिची आंघोळ रोज साबण लावलेला असताना अडकते आणि डोकं धरून बाहेर येते, मग ऐकून घ्यायला मी आहेच 😅

कोपरखैरणे_काका:
पीसीबी ठेवा बाजूला. डोकं धरून म्हणजे रागाने की खरंच दुखतं?

घोडबंदरकर:
आत्ता विचारलं. खरंच दुखतं म्हणे, तासाभरात थांबतं. आम्हाला वाटायचं कडक पाणी डोक्यावरून घेते म्हणून.

कोपरखैरणे_काका:
मग आधी गिझरचा कॉक बंद करा, आजच. पिवळी ज्योत आणि काजळी म्हणजे गॅस अर्धवट जळतोय, त्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो आणि त्याला ना वास ना रंग. गॅस लीक झाला तर वास तरी येतो, याचा काहीच पत्ता लागत नाही, डोकं दुखणं ही पहिली पायरी. बाल्कनीला स्लायडिंगच्या काचा लावल्यात का? आणि धुराचा पाइप?

घोडबंदरकर:
दिवाळीच्या आधी स्लायडिंग लावली, कबुतरांनी वॉशिंग मशीनची वाट लावली होती. धुराचा पाइप नाहीये, तेव्हा बाल्कनी उघडी होती म्हणून गरज नाही म्हणाले. आणि हो, बाथरूमची काचपट्ट्यांची खिडकी बाल्कनीतच उघडते...

बिनधास्त_बंटी:
स्लायडिंग चार बोटं उघडी ठेवा की, संपला विषय

ऐरोली_सर्विस:
बंटीभाऊ असं नका सांगू कोणाला. १ घनमीटर पाइप गॅस जळायला साधारण १० घनमीटर हवा लागते. ६ लिटरचा गिझर फुल चालला तर तासाला सव्वा घनमीटरच्या आसपास गॅस घेतो, म्हणजे १२ घनमीटर हवा, आणि ड्राय बाल्कनी असते केवढी, ५-६ घनमीटर. त्यात जळलेली हवा तिथेच फिरून परत बर्नरला जाते. मग काजळी धरते, ती वरच्या तांब्याच्या पत्र्यांत बसते, धूर वर जायला वाट राहत नाही, हवा अजून कमी ओढली जाते आणि अजून काजळी. ज्योतीत एक सेन्सरची काडी असते, तिच्यावर काजळी बसली की पीसीबीला वाटतं ज्योत विझली आणि तो गॅस तोडतो. म्हणजे बिचारा त्याचं काम करतोय!! भक्कन होतं ते बर्नरची भोकं बुजल्यामुळे किंवा स्पार्क उशिरा पकडल्यामुळे, तोवर आत गॅस साठतो. एक विचारू, गिझर आधी सिलेंडरवर होता का? दोन्हीचे जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकं) वेगळे असतात.

घोडबंदरकर:
नाही, पहिल्यापासून पाइप गॅसच.

ऐरोली_सर्विस:
मग जेटचा प्रश्न नाही. उघडून बर्नर आणि पत्रे ब्रशने साफ करून घ्या, गॅसचा जॉइंट परत लावल्यावर साबणाचं पाणी लावून बघायला सांगा. पण धुराचा पाइप बाहेर काढल्याशिवाय आणि खालून ताजी हवा यायला कायमची जाळी ठेवल्याशिवाय चालू करू नका, नुसत्या साफसफाईने महिन्याभरात परत तेच.

घोडबंदरकर:
अपडेट. दुसऱ्या माणसाकडून उघडून घेतला, बर्नरमध्ये कोळ्याचं जाळं आणि कबुतराचं पीस, पत्रे काळेकुट्ट. पीसीबी ठणठणीत. हिचं डोकं चार दिवस दुखलं नाहीये. पाइपसाठी स्लायडिंगची वरची एक काच काढून तिथे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसवायचाय तर सेक्रेटरी म्हणतात बिल्डिंगचं एलिवेशन खराब होईल, अर्ज करा. केलाय. तोपर्यंत शेगडीवर पातेलं आणि बादली.