शिवडीला जाण्याआधी भरतीची वेळ पाहावी

पहाटे मुंबईतील शिवडीच्या किनाऱ्यावर जाऊनही रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दूरवरच दिसले, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते प्रश्न पहाटेचा नसून भरती-ओहोटीचा आहे. ओहोटीत चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि पक्षी पाण्यामागोमाग दूर जातात, तर पाणी चढू लागले की चरत चरत किनाऱ्याकडे सरकतात. तोच अवधी गाठावा. तेव्हा चोच अवश्य निरखावी: ‘मोठा रोहित’ या जातीची गुलाबी, फक्त टोक काळे, ‘लहान रोहित’ या जातीची जवळजवळ सगळीच गडद किरमिजी, जिने तो पाण्यातील सूक्ष्म शैवाल गाळून घेतो. २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलेल्या ठाणे खाडीतही हेच वेळापत्रक उपयोगी पडते. छायाचित्रासाठी चिखलात उतरून चरणारा थवा उठवणे मात्र मला फार खटकते.